वावरात वाघाचा वावर

३००० किलोमीटर, ९ महिने, एकट्यानं. ना तंबू, ना टोल, ना 'पोचलास की फोन कर रे' म्हणणारी आई.

मंडळी, प्रत्येक ऑफिसात सोलो ट्रिपवाला एक तरी प्राणी असतोच. लेहला बुलेट नेऊन आलेला, स्पितीत एकटाच राहून आलेला, आणि आल्यावर महिनाभर चहाच्या टपरीवर सगळ्यांचं डोकं खाणारा. अशा लोकांबद्दल मला आदर आहे (आणि थोडी असूयाही). पण माझ्या मते महाराष्ट्रातली सगळ्यात भारी सोलो ट्रिप ज्यानं केली त्याला धड नावसुद्धा नव्हतं. सी-वन. घाईघाईत एखाद्या व्हेरिएबलला द्यावं तसं नाव. हा तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर यवतमाळ जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य सोडून निघाला, डिसेंबरच्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, त्यानंतरही काही दिवस इकडेतिकडे हिंडला आणि मार्च २०२० मध्ये ज्ञानगंगेतच स्थिरावला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे सगळं आपल्याला कळलं. भारतात वाघाची एवढी लांब चाल त्याआधी कधी नोंदली गेली नव्हती. वनखात्याच्या लोकांनी मग त्याला 'वॉकर' हे साजेसं नाव दिलं.

तेव्हा पेपरांत यावर भरपूर छापून आलं. बहुतेकांचा सूर एकच, बिचारा जोडीदारीण शोधत वणवण फिरला. (आपल्याकडे तिशीला टेकलेल्या पोरांबद्दलही लग्नाकार्यात हाच सूर असतो. असो. :)) मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. हा चालला कशातून?

नकाशा उघडा आणि उपग्रहाचं चित्र लावा. उजवीकडे खाली टिपेश्वर, एक हिरवा ठिपका. डावीकडे वर ज्ञानगंगा, दुसरा हिरवा ठिपका. मध्ये पैनगंगेच्या आसपासचे काही तुटक हिरवे तुकडे सोडले तर बाकी सगळी गोधडी. चौकोन, चौकोन आणि चौकोन. म्हणजे हा वाघ जंगलातून फारसा चाललाच नाही. तो शेतांतून चालला. वऱ्हाडात शेताला वावर म्हणतात. आणि वाघ दिसला की पेपरवाले हमखास 'परिसरात वाघाचा वावर' असा मथळा देतात. वावरात वाघाचा वावर! ऐकायला पीजे वाटतो, पण २०१९ च्या त्या हिवाळ्यात शब्दशः तेच घडत होतं.

आणि वावर कसलं, तर मुख्यतः कापसाचं. इथे गोष्ट खरी सुरू होते. कारण वऱ्हाडातलं रान मोडून वावर झालं त्यात सर्वांत मोठा हात कापसाचाच.

आधी सी-वनबद्दल थोडं. टिपेश्वर हे जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथल्या टी-वन वाघिणीचा हा बछडा. (ही टी-वन म्हणजे 'अवनी' नव्हे. ती सुद्धा टी-वन, सुद्धा यवतमाळ जिल्ह्यातली, पण वेगळी. हे नंबर देणाऱ्यांनी नेमस्पेस नावाची गोष्ट शिकून घ्यायला हवी.) नर वाघ साधारण दोन वर्षांचा झाला की आईचं घर सोडतो आणि स्वतःचा इलाखा शोधायला निघतो. पूर्वीपासून चालत आलेली रीत आहे. फक्त आता जागा कमी आणि उमेदवार जास्त. महाराष्ट्रात २००६ च्या गणतीत १०३ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. वाघ वाढले ही आनंदाची बातमी, पण जंगलं त्या हिशेबात वाढली नाहीत. मग टिपेश्वरसारख्या छोट्या जंगलातून तरुण पोरं बाहेर पडणारच. गावातून पुण्या-मुंबईला येतात तशी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्याला कॉलर घातली. दर तासाला जीपीएसची एक नोंद. पूर्ण प्रवासात ५००० च्या वर नोंदी. आता आमच्यातल्या इंजिनियरला इथे गुदगुल्या होतात. ते ३००० किलोमीटर म्हणजे ह्या नोंदी सरळ रेषांनी जोडून आलेली बेरीज. दोन नोंदींच्या मध्ये तो नाल्याला वळसा घालून गेला, डुकरामागे धावला, परत आला, हे त्यात धरलेलंच नाही. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच. आणि टिपेश्वर ते ज्ञानगंगा सरळ अंतर किती? नकाशावर मोजलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. म्हणजे भाऊ 'प्रवास' करत नव्हते, शोध घेत होते. रोजची सरासरी काढली तर ११ किलोमीटरच्या आसपास पडते. आपण एक रविवार सिंहगड चढून सोमवारी लिफ्टनं जातो.

महाराष्ट्राचे सात जिल्हे आणि मध्येच तेलंगणात एक फेरी. वाटेत हमरस्ते, नद्या, ओढे, वस्त्या. चाल मुख्यतः रात्रीची. खाणं रानडुकरं आणि गुरं. आणि नऊ महिन्यांत माणसाशी गाठ पडून दुखापत झाली ती एकदाच. तो विसावला होता त्या झुडपात माणसं शिरली आणि एकजण जखमी झाला. बस.

हे किती मोठं आहे ते कळायला आधीचं वर्ष आठवायला हवं. त्याच यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या परिसरात, २ नोव्हेंबर २०१८ ला अवनीला गोळी घातली गेली होती. तिच्या नावावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिथले शेतकरी अनेक महिने शेतात एकट्यानं जायला घाबरत होते, आणि शहरात तिच्या बाजूनं मेणबत्त्या लागत होत्या. ह्या गोष्टीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्याच जिल्ह्यातला दुसरा वाघ शेकडो गावांच्या शिवेवरून निघून गेला, आणि बहुतेक गावांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही.

का नाही लागला? कारण पऱ्हाटी. म्हणजे कपाशीचं झाड. पावसाळ्यात पेरलेली कपाशी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कमरेच्या वर जाते, कुठे छातीला लागते. तिच्यामध्ये तुरीच्या ओळी, त्या तर डोक्याच्याही वर. वाघाची उंची खांद्याशी मोजली तर तीन फुटांच्या आसपास. त्याच्यासाठी ते जंगलच की. उंच वाढलेल्या कपाशीमुळे त्याला शेतांतून लपून जाता आलं, हे त्याचा माग ठेवणाऱ्यांनीही सांगितलं.

हे सगळं घरी बसून कळत होतं, पण बघावंसं वाटलं. म्हणून मागच्या नोव्हेंबरात चार दिवसांची रजा टाकली, मित्राची जुनी मारुती ओम्नी मागितली आणि निघालो. ओम्नीची मागची सीट काढून त्यानं प्लायवूडचा पलंग ठोकलाय, खाली दोन ट्रे, एक गॅसची छोटी शेगडी, खिडकीला आईच्या जुन्या साडीचे पडदे. ह्याला तो अभिमानानं कॅम्परव्हॅन म्हणतो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर नक्कीच हे नसणार.

आता गंमत बघा. 'व्हॅन' हा शब्द 'कॅराव्हॅन'चं शेपूट तोडून झालाय, आणि कॅराव्हॅन आला फारसीतल्या 'कारवान'वरून. म्हणजे मी ओम्नी घेऊन वऱ्हाडात चाललो होतो तेव्हा नावापुरता का होईना, कारवाँच घेऊन चाललो होतो. आणि वऱ्हाडात कारवाँची खरी मालकी बंजाऱ्यांची.

रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस जायचा कुठे माहितीये? मिर्झापूरला. थेट गंगेच्या काठी. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून सातपुडा ओलांडून आठशेक किलोमीटर जायचे, आणि येताना मीठ आणि बाकीचा माल. गाडीरस्ता नव्हताच, पाठीवरच सगळं. मध्येच पाऊस लागला की कापूस भिजायचा, गोणीचं वजन वाढायचं, बैल चिखलात बसायचा. तांडा रात्री जिथे थांबेल तिथे मुक्काम. बैलांना चारा लागायचा म्हणजे वाटेत मोकळं गवती रान लागायचं, आणि ते वऱ्हाडात तेव्हा भरपूर होतं.

वऱ्हाडचे जुने दोन भाग. खाली पूर्णा नदीचं सपाट काळ्या मातीचं खोरं, तो पयनघाट. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं पठार, तो बालाघाट. बुलढाणा शहर बरोबर ह्या पठाराच्या काठावर बसलंय. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामानं फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिलं. सुरुवातीला इंग्रजांनी त्याचे दोन जिल्हे केले, दक्षिण वऱ्हाडचं ठाणं हिंगोली आणि उत्तर वऱ्हाडचं बुलढाणा. १८५७ नंतर हिंगोली निजामाला परत गेली आणि सगळी मांडणी बदलली. आपल्या सी-वनच्या वाटेवरही हिंगोली होती आणि शेवट बुलढाण्यात. १६६ वर्षांनी कुणीतरी जुन्या मुख्यालयांची तपासणी केली म्हणायची.

त्याच १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली. आपल्याला शाळेत एवढंच शिकवलं. पण जी.आय.पी. रेल्वेची कल्पना रेटणारा जॉन चॅपमन ठाण्यासाठी थोडाच एवढा जीव काढत होता? त्याचं लक्ष वऱ्हाडच्या कापसावर होतं. मिर्झापूरच्या बैलवाटेऐवजी मुंबईचं बंदर, तिथून लँकशायर. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं, आकडेमोड केली, गुंतवणूकदारांना पटवलं. आजच्या भाषेत प्रेझेंटेशन मारलं.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली आणि तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला. १८६५ पर्यंतची ती चार वर्षं म्हणजे वऱ्हाडच्या इतिहासातला वळणाचा घाट. भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरबाजार वेडा झाला (आणि यादवी संपल्यावर कोसळला, ती वेगळी कहाणी). रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत पूर्णेच्या खोऱ्यातून पुढे सरकली आणि १८६७ ला नागपूरला पोचली. सरकारनं चक्क 'कॉटन कमिशनर' नावाचा अधिकारी नेमला, रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव. कापसाला अधिकारी मिळाला, जंगलाला वाली नव्हता. खामगावचा बाजार एवढा वाढला की जलंबपासून खामगावपर्यंत तेरा-एक किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! यावरून काय ते समजा.

ह्याचा परिणाम सोपा होता. जिथे नांगर चालू शकतो ती प्रत्येक एकर जमीन लागवडीखाली गेली. पडीक, गायरान, नदीकाठचं गवताळ रान, बाभूळबन, सगळं. पयनघाटात तर काही शिल्लकच राहिलं नाही. तांड्यांचे बैल चरायचे ती कुरणं गेली, मालवाहतूक रेल्वेनं घेतली, आणि बंजाऱ्यांचं काम एका पिढीत संपलं. पुढे इंग्रजांनी त्यांच्यावर 'गुन्हेगार जमात' असा शिक्काही मारला. म्हणजे आधी धंदा काढून घ्यायचा, मग बेकार आहेत म्हणून संशय घ्यायचा. वाघाबद्दलही माणसानं फार वेगळं केलं नाही. आधी रान घेतलं आणि नंतर म्हणालो हा वावरात कसा?

जंगल उरलं ते फक्त जिथे नांगर चालत नाही तिथे. उत्तरेला सातपुडा, म्हणजे मेळघाट. आणि मध्ये बालाघाटाचा उतार, पठारावरून पयनघाटात कोसळणाऱ्या घळी आणि कडे. ज्ञानगंगा अभयारण्य म्हणजे हाच उतार. २०५ चौरस किलोमीटर, १९९७ मध्ये जाहीर झालेलं.

मी जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि मेहकरला उतरलो. (ओम्नीनं ऐंशीच्या वर जायचं मनावर घेतलं नाही, आणि एकशेवीसनं जाणारे लोक काचेतून माझ्याकडे दयेनं बघत होते.) एक रात्र लोणारला. विवराच्या कडेनं पहाटे चालत निघालं की मोर आणि वानरांशिवाय कुणी भेटत नाही. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते वाडगं उल्केच्या धडकेनं झालंय, आणि आत उतरल्यावर जी झाडी लागते तीही उतारामुळेच वाचलेली. पण लोणारवर आधीच पुष्कळांनी लिहून ठेवलंय, आपण पुढे जाऊ.

बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता अभयारण्यातून जातो. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, पण सावकाश जावा. साग, सालई, धावडा, पानगळीला नुकतीच सुरुवात. अभयारण्यात एकट्यानं पायी भटकायला परवानगी नसते (इथे सोलो ट्रिपचा हक्क फक्त चार पायांच्यांना), म्हणून सोबतीला वाटाड्या घेतला. वाघ दिसणार नव्हता हे माहितीच होतं. दिसलं काय, तर उकरलेलं वारूळ. दोन हात खोल, कडेला नखांचे ओरखडे. अस्वल. ज्ञानगंगा अस्वलांसाठीच प्रसिद्ध आहे. वाटाड्यानं मातीला हात लावून पाह्यलं, म्हणाला, "रातचंच हाये." त्यानंतर मी त्याच्या दोन पावलं मागे नव्हे, अगदी खांद्याला खांदा लावून चाललो :)

नीलगायी दिसल्या, चितळं दिसली, लांबवर चिंकारा दिसल्यासारखं वाटलं. पण माझ्या डोक्यात राहिली ती संध्याकाळ, घाट उतरून खाली पयनघाटात आल्यावरची. रस्त्याच्या कडेला कपाशीचं वावर, मध्ये लाकडाचा माळा, त्यावर एक काका बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन चढत होते. जागल. म्हणजे रात्रभर जागून पिकाची राखण. थांबून बोललो.

"काय भाऊ, वाघ पाह्यला आले का?" त्यांनीच विचारलं. कॅमेरा बघून ओळखलं असणार.

म्हटलं, "काका, तुम्ही बघितला होता का तो?"

"नाई बा. लोकं सांगत होते. आमच्या वावरातून गेला असन तरी आमाले का मालूम? आमी त डुकराले हाकलत बसतो." मग डबा एकदा वाजवून दाखवला. "डुक्कर आन् रोही, यायनं जीव खाल्ला. वाघ आला तं डुकरं तरी कमी होतीन. पण बैल नेला तं मंग काय करा? बैल काय स्वस्त हाये का आता?"

रोही म्हणजे नीलगाय. काकांच्या दोन वाक्यांत सगळा हिशेब होता. वाघ डुकरं मारतो हा फायदा सगळ्या गावाचा, बैल जातो तो मात्र एकाचा. भरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा, कागद, चकरा. ह्यात पुन्हा कुणी शहरातून येऊन 'वाघ वाचवा' म्हणतो तेव्हा काकांच्या जागी मी असतो तर डबा डोक्यात घातला असता.

मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण जागल त सुटत नाई."

इकडे २०२० मध्ये वनखात्यापुढे वेगळाच प्रश्न होता. ज्ञानगंगेत वाघ एकटा. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, बॅटरी बरीचशी संपली होती. मग चर्चा सुरू झाली, त्याच्यासाठी एखादी वाघीण आणून सोडावी का? पेपरांना विषय आवडला. सोशल मीडियावर तर वधूवर सूचक मंडळच उघडलं. पण तेव्हाचे वरिष्ठ वनाधिकारी नितीन काकोडकर यांनी मांडलेली अडचण खरी होती. अभयारण्य लहान, भोवती शेती आणि विरळ जंगल. इथे पिल्लं झाली तर शिकारीवर ताण येणार, आणि दोन वर्षांनी तीच पिल्लं पुन्हा बाहेर चालायला लागणार.

माझं मत विचाराल तर वाघीण आणून सोडणं म्हणजे हॉटफिक्स. प्रॉडक्शनमध्ये तात्पुरतं चालतं, पण मूळ बग तसाच राहतो. मूळ बग नकाशावर दिसतो. ज्ञानगंगेपासून उत्तरेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, ह्याच बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्यातलं अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे वाघिणी आहेत. ३००० किलोमीटर चाललेल्या गड्याला शंभर किलोमीटर म्हणजे आठवड्याचं काम. पण मध्ये काय आहे? मुंबई-हावडा रेल्वे, मुंबई-कोलकाता हमरस्ता, आणि पूर्णेचा तो सपाट पयनघाट. दीडशे वर्षांपूर्वी कापसानं शेवटच्या धुऱ्यापर्यंत नांगरलेला. (धुरा म्हणजे बांध.) चॅपमनची रेल्वे अजूनही मध्ये उभी आहे.

दक्षिणेकडून येणाऱ्या वाटेचं काय? सी-वन आला तेव्हा समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये. हा रस्ता धामणगाव, कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा असा जातो. टिपेश्वर त्याच्या दक्षिणेला, ज्ञानगंगा उत्तरेला. म्हणजे यापुढे टिपेश्वरहून ज्ञानगंगेला येणाऱ्या प्रत्येक वाघाला ही सहा पदरी, दोन्ही बाजूंनी बंदिस्त रेघ ओलांडावीच लागणार. भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्यानं वन्यप्राण्यांसाठी खालून भुयारी वाटा आणि वरून माती-झाडं लावलेले पूल बांधलेत, आणि ते चांगलंच काम आहे. नावं ठेवायला मला जागा नाही, मी त्याच रस्त्यानं गेलो. पण पूल एका जागी असतो आणि वाघाची वाट ठरलेली नसते. ५००० ठिपक्यांमधून एकच रेघ काढून दाखवा बरं.

तरी टिपेश्वरची पोरं निघतातच. मार्च २०२१ मध्ये तिथलाच एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, म्हणजे थेट कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात, कॅमेऱ्यात आला. त्या भागात वाघ दिसला तो कित्येक दशकांनी. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाटात उगवला. सगळे पश्चिमेकडे, सगळे वावरांतून.

पण ती वावरं आता बदलतायत. परतताना चिखलीपासून देऊळगावराजापर्यंत मी मुद्दाम पिकं बघत आलो. कपाशी आहे, पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जिल्ह्यात राज्य आलंय ते सोयाबीनचं. सोयाबीन गुडघ्या-मांडीपर्यंत, आणि दसरा-दिवाळीच्या आत सोंगून मोकळं. त्यानंतर हरभरा, तो घोट्याच्या जरा वर. कपाशी पूर्वी फरदड म्हणून मार्चपर्यंत उभी ठेवायचे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं धुमाकूळ घातल्यापासून कृषी खातं मागे लागलंय, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सल्ला बरोबरच आहे.

म्हणजे सी-वन ज्या हिवाळ्यात लपत लपत आला तसा हिवाळा दर वर्षी थोडा थोडा आखूड होतोय. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी बघितली त्यातली निम्मी वावरं रिकामी होती, क्षितिजापर्यंत आरपार दिसत होती. तूर तेवढी उभी होती. सोयाबीन निघून गेलेल्या चार-सहा ओळींमागे तुरीची एखादी ओळ, पिवळ्या फुलांनी लगडलेली. ती जानेवारीपर्यंत असते.